हजार गाण्यांचा खिसा

१० मे २०२२ रोजी ॲपलने आयपॉडला निरोप दिला. शिल्लक साठा संपला की नवे आयपॉड येणार नाहीत, असं कंपनीने एका छोट्या निवेदनात सांगितलं. २३ ऑक्टोबर २००१ रोजी लोकांसमोर आलेलं हे यंत्र साडेवीस वर्षं टिकलं आणि त्या काळात अंदाजे ४५ कोटी आयपॉड जगभर विकले गेले. या विजयाची कहाणी पुष्कळदा सांगून झाली आहे. मला ओढ आहे ती त्याच्याशी झुंजून हरलेल्यांची. त्यांचा माग काढायचा, तर चेन्नईइतकं योग्य शहर भारतात दुसरं नाही.

चेन्नईहून बंगळुरूच्या महामार्गाला लागलं की चाळीसेक किलोमीटरवर श्रीपेरंबुदूर येतं. रामानुजाचार्यांचं हे जन्मगाव. १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या इथेच झाली. २००६ पासूनच्या दोन-तीन वर्षांत या परिसरात नोकिया, डेल, सॅमसंग आणि मोटोरोला या चार कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. आयपॉडच्या गादीवर या चौघींचाही डोळा होता. डेलने ‘डीजे’ नावाचा प्लेअर काढला, सॅमसंगने ‘येप’, मोटोरोलाने ‘रोकर’ हा फोन, तर नोकियाने ‘एक्स्प्रेसम्युझिक’ ही फोनची मालिका. श्रीपेरंबुदूरला मात्र डेलने संगणक बनवले, सॅमसंगने टीव्ही आणि उरलेल्या दोघींनी मोबाइल फोन. आज त्याच पट्ट्यात ॲपलचे आयफोन तयार होतात. या स्पर्धेत कोण जिंकलं, कोण हरलं आणि कशामुळे, याचं उत्तर हा पट्टा आणि शहरातल्या दोन बाजारपेठा मिळून देतात.

भरून घेण्याची सवय

पहिली बाजारपेठ बर्मा बझार. चेन्नईच्या बीच स्टेशनसमोर, राजाजी सालैच्या कडेने लहान लहान गाळ्यांची ही रांग आहे. १९६२ मध्ये ब्रह्मदेशात जनरल ने विन यांनी सत्ता घेतली, दुकानं आणि उद्योग सरकारजमा झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या भारतीयांना परतावं लागलं. त्यांत तमिळ कुटुंबं फार मोठ्या संख्येने होती. अशा निर्वासितांना पोटापाण्यासाठी जागा मिळाली आणि १९६९ मध्ये हा बाजार उभा राहिला. बंदर हाकेच्या अंतरावर होतं. आयातीवर कडक बंधनं असलेल्या त्या काळात परदेशी घड्याळं, अत्तरं, कॅमेरे आणि टेपरेकॉर्डर पाहायचे तर मद्रासची माणसं इथे यायची.

सोनीने १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये वॉकमन विकायला काढला. माणसाने गाणं अंगावर बाळगून रस्त्याने चालावं, ही कल्पना त्या दिवसापासून रुळली. वॉकमन आणि त्याच्या नकला अशाच बाजारांतून आपल्याकडे पोहोचल्या. पण तमिळनाडूत कॅसेटचं युग खऱ्या अर्थाने रुजवलं ते ‘रेकॉर्डिंग सेंटर’ नावाच्या दुकानांनी. गिऱ्हाईक वहीच्या पानावर आपल्या आवडीच्या गाण्यांची यादी लिहून द्यायचं, साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट निवडायचं आणि काही दिवसांनी ती भरून घेऊन जायचं. संगीतकार इळैयराजांची गाणी एस. पी. बालसुब्रमण्यम आणि एस. जानकी यांच्या आवाजात घरोघर गेली, त्यात अधिकृत कॅसेटइतकाच वाटा या भरलेल्या कॅसेटचा होता. महाराष्ट्रातही अशी दुकानं होती. तमिळनाडूत ती गावोगावी होती.

ही सवय ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढच्या साऱ्या लढाईचा निकाल तिने लावला. इथल्या श्रोत्याला गाणं दुकानदाराकडून भरून घ्यायची सवय होती. घरी संगणक असणं, त्यावर विशिष्ट सॉफ्टवेअर असणं, परदेशी बँकेचं कार्ड असणं, यांतलं काहीच त्याला कधी लागलं नव्हतं.

पाच गिगाबाइटची चकती

खिशातला एमपीथ्री प्लेअर ॲपलने शोधला नाही. १९९८ मध्ये दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीने ‘एमपीमॅन’ बाजारात आणला आणि त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड मल्टिमीडियाचा ‘रिओ पीएमपी ३००’ आला. त्यात ३२ मेगाबाइटची स्मृती होती, म्हणजे बऱ्या दर्जाचं जेमतेम अर्ध्या तासाचं संगीत. अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने रिओवर खटला भरला. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने निकाल डायमंडच्या बाजूने दिला. आपल्याकडची गाणी एका साधनावरून दुसऱ्यावर नेऊन ऐकायची वाट त्या निकालाने मोकळी झाली. पुढे ज्या वाटेने आयपॉड चालला, ती त्याच्या आधीच्या एका पराभूताने कोर्टात लढून मिळवली होती.

२००० मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने ‘नोमॅड ज्यूकबॉक्स’ काढला. त्यात सहा गिगाबाइटची चकती होती, म्हणजे पहिल्या आयपॉडच्या पाच गिगाबाइटपेक्षा जास्त. पण ती लॅपटॉपची चकती असल्याने यंत्र सीडी प्लेअरएवढं झालं आणि खिशात मावेना. शिवाय त्या काळच्या यूएसबी तारेने ते पुरतं भरायला काही तास लागत.

ॲपलचं यश या दोन अडचणींच्या उत्तरात आहे. तोशिबाने १.८ इंचांची चिमुकली चकती तयार केली होती आणि तिचं काय करावं हे तोशिबालाही उमगलं नव्हतं. ॲपलने त्या चकत्यांचं सारं उत्पादन आपल्यासाठी राखून घेतलं. भरण्यासाठी फायरवायर नावाची वेगवान तार वापरली, त्यामुळे तासांचं काम मिनिटांवर आलं. ‘हजार गाणी तुमच्या खिशात’ ही जाहिरात त्यातून जन्मली. आत बसवलेली चिप आणि तिची मूळ प्रणाली पोर्टलप्लेअर या कंपनीची होती. या कंपनीचं मोठं विकास केंद्र हैदराबादला होतं. म्हणजे आयपॉडच्या घडणीत भारतीय अभियंत्यांचे हात पहिल्यापासून होते.

२८ एप्रिल २००३ रोजी ॲपलचं आयट्यून्स हे गाण्यांचं ऑनलाइन दुकान उघडलं. ९९ सेंटला एक गाणं, पैसे भरा आणि लगेच घ्या. त्याच वर्षी आयट्यून्सचं सॉफ्टवेअर विंडोजवरही आलं. यंत्र, सॉफ्टवेअर आणि दुकान एका हातात आलं आणि अमेरिकेतली लढाई तिथेच जवळपास संपली.

हरलेल्यांचा पाढा

हरलेल्यांत पहिलं नाव सोनीचं घ्यायला हवं, कारण वॉकमनचा वारसा तिचा होता. पण सोनी ही संगीत कंपनीही होती. गाण्यांच्या नकला होतील या भीतीने तिने आपली ॲट्रॅक नावाची पद्धत पुढे रेटली. २००४ मध्ये आलेला तिचा हार्ड डिस्कवाला वॉकमन सुरुवातीला एमपीथ्री थेट वाजवतच नव्हता. प्रत्येक गाणं सॉफ्टवेअरमधून ॲट्रॅकमध्ये बदलून घ्यावं लागे. जगाकडे एमपीथ्रीचे ढीग असताना सोनीने त्यालाच दार बंद केलं. वर्ष संपता संपता तिने धोरण बदललं, पण तोवर लोक निघून गेले होते.

क्रिएटिव्हचे झेन प्लेअर आवाजाला उत्तम होते. संस्थापक सिम वाँग हू यांनी ॲपलविरुद्ध उघड युद्ध पुकारलं. गाण्यांची यादी गायक, अल्बम, गाणं अशी उतरत्या पायऱ्यांनी दाखवण्याचं पेटंट क्रिएटिव्हकडे होतं आणि ऑगस्ट २००६ मध्ये तडजोड म्हणून ॲपलने तिला दहा कोटी डॉलर दिले. क्रिएटिव्हची कल्पना खरी ठरली, पण बाजार ॲपलकडेच राहिला.

मायक्रोसॉफ्टची गोष्ट सर्वांत बोधप्रद आहे. २००४ मध्ये तिने ‘प्लेज फॉर शुअर’ ही योजना आणली. वेगवेगळ्या कंपन्यांचे प्लेअर आणि वेगवेगळी दुकानं एकाच कुलूप-पद्धतीवर चालतील, असं वचन त्यात होतं. अनेक कंपन्यांनी त्यावर भिस्त ठेवली. मग १४ नोव्हेंबर २००६ रोजी मायक्रोसॉफ्टने स्वतःचाच ‘झून’ प्लेअर काढला आणि त्यावर प्लेज फॉर शुअरची गाणी वाजत नव्हती. आपल्याच साथीदारांना तिने वाऱ्यावर सोडलं. झूनमध्ये एक सुंदर कल्पना होती: शेजारच्या झूनवाल्याला बिनतारी गाणं पाठवायचं. पण ते गाणं तीन वेळा ऐकलं किंवा तीन दिवस लोटले की बंद पडे. ३१ डिसेंबर २००८ रोजी तीस गिगाबाइटचे पहिले झून एकाच वेळी गोठले. लीप वर्षाचा ३६६ वा दिवस त्यांच्या घड्याळाच्या प्रणालीला झेपला नाही. बॅटरी संपू द्या आणि उद्यापर्यंत थांबा, एवढाच उपाय होता. ऑक्टोबर २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने झून यंत्र गुंडाळलं. भारतात ते अधिकृतपणे कधी विकलंच गेलं नाही.

डेलने २००६ मध्ये माघार घेतली. रिओ २००५ मध्येच बंद झाली. मोटोरोलाचा रोकर ७ सप्टेंबर २००५ रोजी ॲपलच्याच सहकार्याने आला, त्यात आयट्यून्स होतं, पण शंभरच गाण्यांची मर्यादा घातलेली होती. त्याच मंचावर त्याच दिवशी आयपॉड नॅनो सादर झाला आणि रोकरकडे कुणी वळून पाहिलं नाही.

या पराभवांमागे एक कारण फारसं बोललं जात नाही. ते कच्च्या मालाचं आहे. नॅनोत चकतीऐवजी फ्लॅश स्मृती होती. नोव्हेंबर २००५ मध्ये ॲपलने सॅमसंग, हायनिक्स, तोशिबा, मायक्रॉन आणि इंटेल यांच्याशी २०१० पर्यंतच्या पुरवठ्याचे करार केले आणि त्यासाठी सव्वाशे कोटी डॉलर आगाऊ मोजले. स्पर्धकांना तीच स्मृती महाग पडू लागली. सॅमसंगचा येप हरला, पण सॅमसंग कंपनी हरली नाही. आयपॉडच्या पोटातली स्मृती आणि पुढे मुख्य चिपही ती पुरवू लागली. एप्रिल २००७ पर्यंत दहा कोटी आयपॉड विकले गेले होते. २००८ च्या आर्थिक वर्षात एका वर्षातली विक्री साडेपाच कोटींच्या जवळ पोहोचली. तोच उच्चांक ठरला.

रिची स्ट्रीटचा हिशोब

चेन्नईतली दुसरी बाजारपेठ रिची स्ट्रीट. अण्णा सालैला, म्हणजे जुन्या माउंट रोडला, लागून चिंताद्रिपेटमध्ये ही गल्ली आहे. नाव एका गल्लीचं असलं तरी नरसिंगपुरम स्ट्रीट, वॉलर्स रोड, मीरान साहिब स्ट्रीट असा सारा परिसर त्यात येतो. रेडिओच्या सुट्या भागांपासून सुरू झालेला हा बाजार आज दिल्लीच्या नेहरू प्लेसनंतर देशातला दुसऱ्या क्रमांकाचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार मानला जातो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला इथे परकं वाटणार नाही: दुकानाच्या दारापर्यंत रचलेली खोकी, फळकुटावर सोल्डरिंग आयर्न घेऊन बसलेला कारागीर, भावाची घासाघीस.

अमेरिकेत आयपॉडला जिंकवणाऱ्या साऱ्या गोष्टी या गल्लीत त्याच्या विरोधात गेल्या. आयट्यून्सचं दुकान भारतात उघडलं ते ४ डिसेंबर २०१२ रोजी, अमेरिकेनंतर साडेनऊ वर्षांनी. तोवर आयपॉड घेणाऱ्या भारतीय माणसाला गाणी विकत घ्यायची अधिकृत सोय ॲपलकडे नव्हतीच. सीडी संगणकात घालून उतरवायची किंवा कुठून तरी एमपीथ्री मिळवायच्या, हेच मार्ग होते. त्या आयपॉडमध्ये चढवायच्या तर आयट्यून्स हवं, आणि एका संगणकाशी जोडलेला आयपॉड दुसऱ्या संगणकाला लावला तर आधीची गाणी पुसली जाण्याची धास्ती. घरात संगणक नसलेल्या कुटुंबासाठी हे यंत्र निरुपयोगी होतं.

हरलेल्या प्रतिस्पर्ध्यांकडे नेमकं उलटं होतं. आयरिव्हर, कोवॉन, सॅमसंग, ट्रान्सेंड यांचे बरेच प्लेअर संगणकाला पेन ड्राइव्हसारखे जोडले जात. फोल्डर उचलून टाकला की काम झालं, कुणाच्याही संगणकावर आणि कोणत्याही सायबर कॅफेत. एफएम रेडिओ होता. आयपॉडमध्ये तो २००९ च्या नॅनोपर्यंत नव्हता. काहींना पेन्सिल सेल चालत. आणि या नामवंतांच्या खालोखाल चीनमधून येणारे बिननावाचे प्लेअर होते, नॅनोसारखे दिसणारे, आत झुहाईच्या ॲक्शन्स सेमिकंडक्टरची स्वस्त चिप असलेले. त्यांचा आवाज सुमार असे, पडदा लवकर जाई, पण गिऱ्हाईकाची गरज ते भागवत. शेजारीच एमपीथ्री सीडी मिळत. एका सीडीवर दीडशे गाणी, वर संगीतकाराचा फोटो. रेकॉर्डिंग सेंटरची यादी आता तयार मिळू लागली होती.

हा बहुतांश व्यवहार बेकायदा होता, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. गाणं बांधणाऱ्याला, गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला त्यातून काही मिळालं नाही. इळैयराजांनी आपल्या गाण्यांच्या हक्कांसाठी मद्रास उच्च न्यायालयात दीर्घकाळ लढे दिले, त्यामागे कमाईचे सारे रस्ते इतरांच्या हाती गेल्याची वेदना आहे. पण ॲपलचं कायदेशीर दुकान साडेनऊ वर्षं दाराशी आलंच नाही, तेव्हा श्रोत्याने काय करायचं होतं, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

कचेरी आणि मधली फट

चेन्नईत श्रोत्यांचा आणखी एक वर्ग आहे आणि त्याची गरज जगातल्या कोणत्याच कंपनीने गृहीत धरली नव्हती. मार्गळीच्या महिन्यात, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, मायलापूर, टी. नगर, आळवारपेट या भागांतल्या संगीतसभांमध्ये कर्नाटक संगीताच्या कचेऱ्या, म्हणजे मैफली, सकाळपासून रात्रीपर्यंत चालतात. म्युझिक अकॅडमीची परंपरा १९२० च्या दशकाच्या अखेरीपासूनची. जुन्या कचेऱ्यांची, आकाशवाणीच्या प्रसारणांची घरगुती ध्वनिमुद्रणं जपणारे आणि एकमेकांना देणारे रसिक इथे पिढ्यांपासून आहेत. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाच्या आठवणी कॅसेटमध्ये बांधून ठेवणारी घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

या रसिकाला प्लेअरकडून तीन गोष्टी हव्या होत्या. पहिली, ध्वनिमुद्रण. सुरुवातीच्या आयपॉडमध्ये ते नव्हतं. सोनीच्या मिनिडिस्कमध्ये होतं, आयरिव्हरच्या हार्ड डिस्कवाल्या प्लेअरमध्येही उत्तम होतं, आणि जगभर मैफली टिपणारे लोक ही यंत्रं जपून ठेवत.

दुसरी, सलगपणा. रागम, तानम, पल्लवी हे एकाच गायनाचे टप्पे सीडीवर वेगवेगळ्या ट्रॅकमध्ये विभागलेले असतात, पण गाणं अखंड असतं. आपल्याकडे विलंबितातून द्रुतात जाताना मध्येच क्षणभर आवाज तुटला तर कसं वाटेल? आयपॉड तसा तोडायचा, २००६ पर्यंत. ‘रिओ कर्मा’ नावाच्या प्लेअरने २००३ मध्येच ही फट बुजवली होती. कर्मा बाजारात टिकला नाही, पण रसिकाच्या दृष्टीने तो तीन वर्षं पुढे होता.

तिसरी गोष्ट वर्गवारीची. आयपॉड विचारतो: गायक कोण, अल्बम कोणता? कर्नाटक संगीताचा श्रोता विचारतो: राग कोणता, रचना कुणाची, ताल कोणता? तमिळ चित्रपटगीताचा श्रोता आधी संगीतकाराचं नाव घेतो. अमेरिकन पॉप अल्बमच्या मापाने बेतलेल्या याद्यांत ही उत्तरं नीट बसत नव्हती. फोल्डर पद्धतीच्या प्लेअरमध्ये मात्र ‘कल्याणी’ नावाचा फोल्डर करून त्यात हव्या त्या रचना ठेवता येत. जगभरच्या हौशी प्रोग्रामरांनी मिळून रचलेली ‘रॉकबॉक्स’ ही मुक्त प्रणाली आयरिव्हर आणि जुन्या आयपॉडवरही चढवता येऊ लागली आणि या तक्रारींपैकी पुष्कळशा तिने मिटवल्या. कंपन्यांनी सोडून दिलेली यंत्रं तिच्यामुळे वर्षानुवर्षं चालत राहिली.

आकाशातून आलेला प्रतिस्पर्धी

चेन्नईच्या या रसिकाला सर्वांत जिव्हाळ्याची वाटलेली सेवा प्लेअर नव्हती, उपग्रह रेडिओ होती. इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारा यांनी १९९० मध्ये अमेरिकेत वर्ल्डस्पेसची स्थापना केली. विकसनशील देशांना उपग्रहावरून स्वच्छ आवाज द्यायचा, हे त्यांचं स्वप्न होतं. मार्च २००० मध्ये एशियास्टार उपग्रह अवकाशात गेला. भारतात वर्गणी भरून ऐकायच्या वाहिन्या सुरू झाल्या. ‘श्रुती’वर कर्नाटक संगीत, ‘गांधर्व’वर हिंदुस्थानी, ‘केएल रेडिओ’वर तमिळ गाणी. ए. आर. रहमान या सेवेचा चेहरा झाले आणि तिची सूचक धूनही त्यांनी बांधली. जाणकारांनी निवडलेलं शास्त्रीय संगीत दिवसरात्र, जाहिरातींशिवाय. पुण्या-मुंबईच्या कित्येक मराठी घरांतही गांधर्व वाहिनी रोज लागत असे.

यंत्राची अडचण भूमितीत होती. एशियास्टार विषुववृत्तावर १०५ अंश पूर्व रेखांशावर होता, म्हणजे चेन्नईतून तो पूर्व-आग्नेयेच्या आकाशात. अँटेनाला त्या दिशेचं मोकळं आकाश हवं. खिडकी उलट्या बाजूला असली किंवा समोर इमारत उभी राहिली की गाणं बंद. चालत्या माणसाच्या खिशात ते जाऊच शकत नव्हतं. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. जगभरातले बहुसंख्य वर्गणीदार भारतातले होते, तरीही ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा बंद पडली. नेमका मार्गळीचा मोसम चालू होता. त्या रात्रीनंतर हजारो घरांतले संच मुके झाले. त्यांत गाणी साठवलेली नव्हती.

श्रीपेरंबुदूरचा निकाल

आता पुन्हा महामार्गावर. नोकियाचा कारखाना २००६ मध्ये सुरू झाला. तमिळनाडूच्या खेड्यापाड्यांतल्या हजारो तरुण मुली पहिल्यांदा घराबाहेर पडून इथे कामाला लागल्या. तेव्हा भारतात मोबाइल म्हणजे नोकिया. २००७ च्या सुमारास एक्स्प्रेसम्युझिक मालिकेचे फोन लोकप्रिय झाले, गाण्यांसाठी वेगळी बटणं, मेमरी कार्डाची खाच आणि ब्लूटूथ असलेले. २००९ च्या सुमारास रहमान यांचा ‘कनेक्शन्स’ हा अल्बम नोकियाच्या साथीने आला.

आयपॉडला भारतात हरवलं ते या खाचेने. नखाएवढं कार्ड, दोन-चार गिगाबाइटचं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जायचं, थोडे पैसे द्यायचे आणि कार्ड भरून घ्यायचं. रेकॉर्डिंग सेंटर नव्या रूपात परत आलं होतं. पाठोपाठ तैवानच्या मीडियाटेक चिपवर चालणारे, दोन सिमचे, कर्णकर्कश स्पीकरवाले चिनी फोन आले आणि नोकियाहूनही स्वस्तात तेच काम करू लागले. वेगळा प्लेअर घ्यायची गरजच संपली. पश्चिमेत आयपॉडची जागा आयफोनने घेतली. आपल्याकडे ती त्याआधीच साध्या फोनने घेतलेली होती.

नोकियाचाही काळ मग फार उरला नाही. तिचा फोन-व्यवसाय एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने, म्हणजे झूनवाल्या त्याच कंपनीने, विकत घेतला. करवादात अडकल्याने श्रीपेरंबुदूरचा कारखाना त्या व्यवहारातून वगळला गेला आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी तिथलं उत्पादन थांबलं. कामगारांनी आंदोलनं केली, निवेदनं दिली. कारखाना पाच वर्षं बंद राहिला. २०१९ मध्ये फिनलंडच्याच साल्कॉम्पने ती जागा घेतली. साल्कॉम्प चार्जर बनवते आणि ॲपल तिच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे. त्याच वर्षी शेजारच्या फॉक्सकॉन कंपनीच्या कारखान्यात आयफोन एक्सआर जुळू लागला. २०२२ मध्ये आयफोन १४ जगात आल्यावर काही आठवड्यांतच इथून बाहेर पडला. रहमान यांच्या चेन्नईतल्या के. एम. म्युझिक कन्झर्व्हेटरीत ॲपलने मॅक संगणकांची प्रयोगशाळा उभारण्याचं २०१७ मध्ये जाहीर केलं. वर्ल्डस्पेस, नोकिया आणि ॲपल, तिघींच्या गोष्टीत हा एकच संगीतकार भेटतो.

हरलेल्यांचं काय उरलं

हे प्रतिस्पर्धी वाईट होते म्हणून हरले, असं मानायला आधार नाही. क्रिएटिव्हची यादी-पद्धत खरी ठरली, कर्माचा सलगपणा खरा ठरला, आयरिव्हरचं ध्वनिमुद्रण, कोवॉनचा फोल्डर, झूनचं बिनतारी देणं-घेणं, सारं आज प्रत्येक फोनमध्ये आहे. १९९७ मध्ये चेन्नईतच सुरू झालेल्या झेब्रॉनिक्सने कार्ड आणि पेन ड्राइव्हची खाच असलेले स्पीकर देशभर विकले. सारेगामा या संगीत कंपनीने २०१७ मध्ये पाच हजार गाणी आधीच भरलेला ‘कारवाँ’ हा प्लेअर काढला, ५,९९० रुपयांना. पाठोपाठ त्याच्या तमिळ आणि मराठी आवृत्त्याही आल्या. त्याचं यश एवढ्यातच होतं की घेणाऱ्याला काहीच भरावं लागत नव्हतं. गाणं श्रोत्यापर्यंत पोहोचवण्याचा त्रास जो कमी करतो तो जिंकतो. आवाजाचा दर्जा, दिसणं, नाव, हे सारं त्यानंतर येतं.

पण हरलेल्यांकडून आणखी एक धडा घ्यायचा आहे आणि तो आजचा आहे. ज्यांनी गाणी कंपनीच्या कुलपात ठेवली, त्यांची गाणी कंपनीबरोबर गेली. वर्ल्डस्पेसचे संच मुके झाले, प्लेज फॉर शुअरची दुकानं मिटली. आजचं स्ट्रीमिंगही भाड्याचंच घर आहे: २०२४ मध्ये भारतात रेसो बंद झालं, मग एअरटेलचं विंक बंद झालं आणि लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या पुसल्या गेल्या. फोल्डरमधली फाइल मात्र अजून वाजते.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. घरात जुना आयपॉड, आयरिव्हर, मिनिडिस्क किंवा खोकाभर कॅसेट असतील, तर या दिवाळीच्या सुटीत त्या बाहेर काढा. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका, जाणकाराकडे न्या. फोल्डरवाल्या प्लेअरमधली गाणी संगणकावर सरळ उतरतात. आयपॉडमधली गाणी लपवलेल्या फोल्डरमध्ये चार अक्षरी विचित्र नावांनी असतात, पण आतली गायक-गाण्याची नोंद शाबूत असते. फोल्डर दिसता करून तो आख्खा उतरवून घ्या. कॅसेट आणि मिनिडिस्कला वाजवण्याइतकाच वेळ लागेल, तो द्या. बाजारात मिळणारी गाणी राहू द्या, ती पुन्हा मिळतील. आजीने म्हटलेल्या ओव्या, गावच्या भजनी मंडळाची रात्र, गणेशोत्सवातली एखाद्या गायकाची मैफल, आकाशवाणीवरून टिपलेलं भाषण, हे दुसऱ्या कुणाकडे नसेल. दोन ठिकाणी प्रती ठेवा, प्रत्येकीवर तारीख, जागा आणि नावं लिहा. चेन्नईत म्युझिक अकॅडमीच्या श्रवण-संग्रहात बसून जुन्या कचेऱ्या ऐकता येतात, मुंबईत एनसीपीएने हिंदुस्थानी संगीताचा मोठा संग्रह केला आहे. मोलाचं काही हाती लागलं तर अशा संस्थांना कळवा. चुंबकीय फीत आणि फिरती चकती दोन्ही झिजतात. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.